दिव्यांग मुलांचा पी.टी.चा तास: काय बदलायचं आणि काय नाही

पी.टी.चा तास लागला की अख्खा वर्ग मैदानाकडे पळतो आणि एखादं मूल मागे राहतं. कुणी व्हीलचेअरवर असतं, कुणाला नीट दिसत नसतं, कुणाला सूचना पटकन कळत नाहीत. मग त्याच्याकडे दप्तरं सांभाळायचं काम येतं, फार तर गुण लिहायची वही. शिक्षकांच्या मनात वाईट काही नसतं. ‘पडलं-बिडलं तर जबाबदारी कोणाची?’ ही धास्ती असते, आणि पन्नास मुलांत या एकाला कसं खेळवायचं हे त्यांना कुणी मैदानावर उभं राहून दाखवलेलं नसतं.

गल्लीत हेच मूल पोरं खेळायला घेतात, पण कच्चा लिंबू म्हणून. ते धावतं, हसतं, हात लावतं. मात्र आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्याने काढलेला गुण कुणी धरत नाही. शाळेतली सूट आणि गल्लीतला कच्चा लिंबू यांत मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे मूल हिशेबाबाहेरच. अनुकूलित शारीरिक शिक्षण असं जड नाव ज्या कामाला आहे, ते काम म्हणजे या मुलाला हिशेबात आणणं. त्याला खेळातलं कौशल्य शिकवायचं, त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं आणि मागच्या महिन्यापेक्षा तो किती पुढे गेला ते लिहून ठेवायचं.

हे शिक्षकांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत (१९९५ च्या कायद्यात सातच होते). त्याच्या सोळाव्या कलमात शाळांनी प्रवेशाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी असं म्हटलं आहे. तिसावं कलम तर पूर्ण खेळांवरच आहे. अमेरिकेने १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा विशेष शिक्षणाच्या व्याख्येतच शारीरिक शिक्षण नाव घेऊन घातलं. गणित नाही, भाषा नाही, शारीरिक शिक्षण. तिकडे या विषयाला खरा जोर आला तो तिथून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही ५ ते १७ वयाच्या दिव्यांग मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार, दम लागेल अशी हालचाल हवी असं सांगतात. इतर मुलांसाठीचा आकडाही हाच आहे.

दोन गोष्टींशी याची गल्लत होते. पहिली फिजिओथेरपी. तिथे एका मुलाच्या एका सांध्यावर, एका स्नायूवर काम चालतं. पी.टी.च्या तासाला मूल चारचौघांत असतं, नियम पाळतं, भांडतं, हरतं. एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही. ‘त्याची थेरपी चालू आहे, खेळ कशाला?’ असं म्हणणं म्हणजे ‘घरी जेवतो, मग डबा कशाला?’ असं विचारण्यासारखं आहे. दुसरी गल्लत पॅरालिम्पिकशी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच जिल्ह्याच्या सचिन खिलारींनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. अभिमान वाटावा असंच आहे हे. पण चौथीतल्या मुलाला पदकाची नव्हे, आज दुपारच्या लगोरीत आपला नंबर लागण्याची पडलेली असते.

लगोरी उलगडून बघू

खेळ बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं? इंग्लंडमधले शिक्षक यासाठी चार गोष्टींचा विचार करतात: जागा, काम, साहित्य आणि माणसं. यांपैकी एकेक थोडी थोडी फिरवत जायची. मात्र त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी गाळला जातो: या खेळाचा जीव कशात आहे?

लगोरीचंच घ्या. सात चपटे दगड एकावर एक. एक संघ चेंडूने ते पाडतो आणि पुन्हा रचायला धावतो, दुसरा संघ चेंडू मारून त्यांना आउट करतो. इथे जीव तीन गोष्टींत आहे: नेम धरणं, घाईत नीट रचणं, आणि कधीही चेंडू बसेल ही धाकधूक. दगडच हवेत, ते जमिनीवरच हवेत, सातच हवेत, रेघ इतक्याच पावलांवर हवी, हे सगळं रिवाजाने आलेलं आहे. त्याला हात लावायला हरकत नाही.

आता समजा वर्गात चाळीस मुलं आहेत. त्यांत एक मुलगी व्हीलचेअरवर आहे, एका मुलाला फार अंधूक दिसतं आणि एका मुलाला बौद्धिक अक्षमता आहे.

दगडांच्या जागी रंगाचे नाहीतर तेलाचे रिकामे डबे आणा, लहानमोठे. जमिनीवर रचण्याऐवजी वर्गातल्या बाकावर रचा. मुलीला खुर्चीतून वाकावं लागणार नाही आणि डबे मांडीवर घेऊन ती दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त डबे एका खेपेत आणेल. फक्कीने एका रेघेऐवजी तीन रेघा आखा. जवळून पाडलं तर एक गुण, मधून दोन, लांबून तीन. कुठून मारायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, सगळ्यांनीच. यातला ‘सगळ्यांनीच’ हा शब्द महत्त्वाचा. फक्त तिच्यासाठी वेगळी रेघ आखली की ती पुन्हा कच्चा लिंबू. तीन रेघा सगळ्यांना खुल्या ठेवल्या की वर्गातली जी मुलं दोन पायांवर उभी असूनही नेमात कच्ची असतात, तीही गपचूप जवळच्या रेघेवर जातात.

अंधूक दिसणाऱ्या मुलाला बाकामागे उभा राहून एक गडी टाळ्या देतो, त्या आवाजाच्या रोखाने तो चेंडू टाकतो. डबे खडखडत पडले की नेम लागला हे त्याला सांगावं लागत नाही. म्हणून दगडापेक्षा डबा बरा. रचताना सगळ्यात मोठा डबा खाली, हे हाताने चाचपून त्याला इतरांइतकंच कळतं. धावताना सोबतीचा एक गडी, दोघांच्या हातात वीतभर दोरीचं एकेक टोक. चेंडू स्पंजचा, आणि मारण्याआधी ज्याला मारायचं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, हा नियम सगळ्यांना.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात एकच काम: रचणं. तेही तीनच डबे, तिन्ही वेगळ्या रंगांचे. ‘सर्वांनी लक्ष द्या, आता आपण...’ अशी लांब सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘उचल. ठेव. पळ.’ तीन शब्द, आणि प्रत्येकाबरोबर एकदा करून दाखवायचं. पुढे चार डबे, मग पाच.

उरली व्हीलचेअर आणि आउट. पोरांमध्ये वाद होणारच: ‘खुर्चीला चेंडू लागला तर ती आउट का?’ व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये खुर्ची खेळाडूच्या शरीराचाच भाग धरतात, तेव्हा इथेही आउट. पण खुर्चीला चटकन वळता येत नाही, शिवाय ती मोठी. मग मारणाऱ्या संघाने कुणालाही मारण्याआधी आपापसात तीन पास द्यायचे. तेवढा वेळ तिला मिळतो, इतरांनाही मिळतो, आणि खेळही नुसत्या फेकाफेकीपेक्षा रंगतो.

एवढं झाल्यावर एक कसोटी लावून बघा: या तिघांपैकी प्रत्येक जण आउट होऊ शकतो का? त्याच्या चुकीने संघ हरू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर दया जास्त झाली आहे, कुठलातरी बदल मागे घ्या. वर्गात चौथं मूल ऐकू न येणारं असेल तर त्याच्यासाठी यातलं काहीच लागत नाही. शिट्टीबरोबर एक रंगीत रुमाल हलवा, बोलताना त्याच्याकडे तोंड करा आणि सूर्य आपल्या पाठीशी येईल असे उभे राहू नका, नाहीतर त्याला तुमचे ओठ दिसत नाहीत. काम संपलं. गरज नसताना केलेला बदल हाही एक प्रकारचा अपमानच.

जे खेळ आधीच तयार आहेत

प्रत्येक वेळी नवीन शोध लावायला नको. गोलबॉल हा खेळ दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली तयार झाला. दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, १८ बाय ९ मीटरचं मैदान, आत घुंगरं असलेला सव्वा किलोचा चेंडू. चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायचा, समोरच्यांनी आडवं पडून अडवायचा. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, थोडं दिसतं त्यांच्याही. मैदानाच्या रेघांखाली दोरी घालून वर चिकटपट्टी लावतात, म्हणजे रेघ हाताला लागते. शाळेच्या हॉलमध्ये शहाबादी फरशीवर सुतळी आणि चिकटपट्टीने तासाभरात हे मैदान तयार होतं. चेंडू नसेल तर हलक्या चेंडूला कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, घरंगळताना आवाज करतो. मग दिसणाऱ्या मुलांच्याही डोळ्यांवर पट्ट्या बांधून खेळवा. नेहमी ‘मदत’ घेणारा मुलगा त्या दिवशी वर्गातला सगळ्यात भरवशाचा गडी ठरण्याची शक्यता बरीच असते.

अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू कडक प्लॅस्टिकचा, आत छर्रे, गोलंदाजी खालून. संघात पूर्ण अंध खेळाडू ठरावीक संख्येने घ्यावेच लागतात आणि त्यांच्या धावा दुप्पट धरतात. ही सवलत कच्च्या लिंबूची नाही, कारण तो फलंदाज बादही होतो.

हातापायांवर ताबा फारच कमी असलेल्या मुलांसाठी बोचा. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. आपले चेंडू पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. ज्याला चेंडू फेकताच येत नाही तो उतरत्या पन्हळीवरून सोडतो. ती पन्हळ कुठे रोखायची हे तोच सांगतो, आणि धरणारा सोबती मैदानाकडे पाठ करून बसतो, म्हणजे सगळा डाव खेळाडूच्या डोक्यातला राहतो. घरगुती पन्हळीला पी.व्ही.सी. पाइप उभा चिरून चालतो. १९८४ पासून हा पॅरालिम्पिकमधला खेळ आहे.

आणि आपला मल्लखांब. खांब पकडला की नजरेपेक्षा स्पर्श आणि पकड जास्त कामाची, त्यामुळे दृष्टिहीन मुलं तो शिकू शकतात, शिकलीही आहेत. मुंबईच्या शिवाजी पार्कचे मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दिव्यांगांपर्यंत मल्लखांब नेण्याच्या त्यांच्या कामाचाही उल्लेख झाला होता.

हात धरून शिकवणं आणि हात सोडणं

चेंडू फेकणं आपल्याला एक क्रिया वाटते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नीट नसणं) असलेल्या मुलाशेजारी बसून बघितलं की त्यातले जोड दिसायला लागतात. चेंडू धरायचा, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि योग्य क्षणी बोटं उघडायची. अनेक मुलांना शेवटचं सगळ्यात अवघड जातं. स्नायू ताठरलेले असतात, मूठ आवळते पण सुटत नाही, आणि ‘सोड, सोड!’ असं आपण जितकं ओरडू तितकी ती आणखी आवळते. अशा वेळी हाताआधी बैठक बघा. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्या, कमरेला पट्टा लावा, पाठ टेकवा. धड डुगडुगत असेल तर मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते. मग गुळगुळीत चेंडूऐवजी तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी द्या. तीही सुटत नसेल तर फेकणं बाजूला ठेवा. मांडीवरच्या फळीवरून हाताच्या कडेने ढकलू द्या. आवाज हळू ठेवा. या मुलांपैकी काही जण अचानक शिट्टी वाजली की अख्ख्या अंगाने दचकतात आणि जमून आलेली हालचाल विस्कटते.

मदत कशी करायची यालाही पायऱ्या आहेत. सुरुवातीला आपला हात त्याच्या हातावर. मग नुसतं कोपराला हलकं टेकण. मग करून दाखवणं. मग फक्त शब्द. शेवटी काहीच नाही. बहुतेक ठिकाणी पहिली पायरीच कायमची होऊन बसते, कारण मदत करणाऱ्याला ती बरी वाटते. मदत कधी काढायची हे पाठ आखतानाच ठरवा: पाचपैकी चार वेळा जमलं की पुढच्या खेपेला एक पायरी कमी.

दृष्टिहीन मुलाच्या बाबतीत उलटं करून बघा. त्याचे हात धरून हलवण्याऐवजी त्याला तुमच्या खांद्या-कोपरावर हात ठेवू द्या आणि तुम्ही चेंडू टाका. हात कुठून कुठे जातो ते त्याला त्याच्या गतीने कळतं, आणि ओढलं गेल्याची भावना येत नाही. अंगाला हात लावण्याआधी सांगायचं, विचारायचं. दिसत नसलेल्या मुलाला अचानक झालेला स्पर्श कसा वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. चालतानाही हेच: आपण त्याचा हात धरून ओढायचा नाही, त्याने आपलं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून यायचं. एकट्याने पळायला दोन झाडांमध्ये कमरेइतक्या उंचीवर दोरी ताणून बांधा, तिच्यात पाइपचा एक तुकडा ओवा, तो धरून तो पळेल. दोरीच्या टोकाआधी तीनेक मीटरवर एक जाड गाठ मारा. पाइप गाठीला अडला की थांबायचं. ज्या मुलाने आयुष्यात कधी जिवाच्या आकांताने पळून बघितलेलं नाही, त्याला ही दोरी काय देते ते एकदा बघाच.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला बहुतेक वेळा खेळ अवघड नसतो, तासातली अनिश्चितता अवघड असते. आज काय, किती वेळ, आणि संपलं हे कसं कळणार? एका पुठ्ठ्यावर चार चित्रं: धावणं, चेंडू, पाणी, वर्गात परत. एकेक झालं की ते चित्र उलटं करायचं. रांगेत दहा जणांमागे उभं राहणं त्याला जमत नसेल तर रांगच लहान करा, दोन-दोन जणांची ठाणी करा. त्याने इतर मुलांचाही फायदा होतो, कारण आपल्या पी.टी.च्या तासातला निम्मा वेळ मुलं रांगेत उभी असतात.

धास्ती कुठे रास्त आहे

‘काही झालं तर?’ या भीतीला नुसतं ‘काही होत नाही’ म्हणून चालत नाही. काही ठिकाणी खरोखर होतं, आणि ती ठिकाणं माहीत असली की बाकीची भीती आपोआप कमी होते.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. त्यामुळे कोलांटउडी, शीर्षासन, मानेवर भार येईल अशी कुस्ती हे डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय नको. चाल अचानक बदलली, मान दुखायला लागली, लघवीवरचा ताबा गेला तर खेळ थांबवून लगेच दवाखाना. यांच्यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, तोही विचारून घ्या. बाकी धावणं, नाचणं, पोहणं, चेंडू हे सगळं त्यांना करू द्या. ती वजनाने चटकन वाढतात, त्यांना हालचालीची गरज जास्तच आहे.

ड्यूशेन प्रकारचा स्नायूंचा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो, आणि त्याची पहिली खूण कित्येकदा मैदानावरच दिसते. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत, अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. असं दिसलं तर ‘आळशी आहे’ असं म्हणण्याआधी पालकांशी बोला. अशा मुलाला ‘ताकद वाढेल’ म्हणून उठाबशा आणि जोर काढायला लावणं घातक आहे. त्याचे स्नायू ताणाने तुटतात आणि भरून येत नाहीत. उतारावरून पळणं, उंचावरून उड्या हेही नको. हलका खेळ, पाण्यातला व्यायाम आणि दमल्यावर बसायची मोकळीक, हे चालतं.

नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांतल्या शिक्षकांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. २०१६ च्या कायद्यात तोही आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया (रक्त लवकर न गोठण्याचा आजार) हेही आहेत. सिकलसेलच्या मुलाला सतत पाणी, सावली, मधे मधे विश्रांती. भर उन्हात वेगाने पळवणं किंवा थंड पाण्यात उतरवणं नको. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं ही वाईट सवय आहेच, या मुलाला ती थेट दवाखान्यात नेऊ शकते. हिमोफिलियाच्या मुलाला कबड्डी नको, पोहणं उत्तम.

स्पायना बायफिडा म्हणजे जन्मतः मणक्याची रचना अपुरी राहणं. इथे एक गोष्ट अगदी अनपेक्षित आहे: फुगा. फुगा हळू उडतो, हळू खाली येतो, म्हणून दिव्यांग मुलांच्या खेळात तो सगळ्यांचा लाडका. पण या मुलांमध्ये रबराच्या चिकापासून बनलेल्या वस्तूंची ॲलर्जी बरीच आढळते, आणि ती जिवावरही बेतू शकते. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचा हलका चेंडू घ्या. शिवाय पायांना संवेदना नसेल तर बुटात खडा गेलेला, उन्हात तापलेल्या खुर्चीच्या लोखंडाने चटका बसलेला कळत नाही. तास संपला की पाय बघायचे. मज्जारज्जूला वरच्या बाजूला इजा झालेल्या मुलांना इजेखालच्या भागात घाम येत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात अशा मुलाला ओलं फडकं आणि सकाळचा तास, यांना पर्याय नाही.

मिरगीची बहुतेक मुलं सगळं खेळू शकतात. पाण्यात एक माणूस फक्त त्या मुलाकडे बघणारा हवा, आणि मल्लखांबासारख्या उंचीच्या खेळासाठी डॉक्टरांना विचारलेलं हवं. झटका आलाच तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर मुळीच नाही. आजूबाजूचं साहित्य बाजूला करा, मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा. कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) बसवलेल्या किंवा डोक्यातलं पाणी उतरवायला नळी घातलेल्या मुलाच्या डोक्याला चेंडूचा मार बसू नये एवढं जपायचं.

मैदानापर्यंत जायचं कसं

पुस्तकात हे सगळं छान बसतं. खरी गाठ पडते ती तीन पायऱ्या, मुरमाचं मैदान आणि एकट्या शिक्षकाशी. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं खुर्ची उचलून खाली आणण्यात जात असतील तर बदललेल्या लगोरीचा उपयोग काय? शिबिरात मिळालेली साधी व्हीलचेअर वजनदार असते आणि तिची पुढची लहान चाकं भुसभुशीत मातीत रुततात. अशा जागी ती ढकलू नका, उलटी फिरवून मागे ओढा, मोठी चाकं पुढे राहिली की सुटते. पण रोजच्या खेळासाठी मैदानाची एक पट्टी धुमसून घ्या, किंवा सरळ प्रार्थनेच्या फरसबंदीवर तास घ्या. मैदानावरच झाला पाहिजे असा काही नियम नाही.

माणसांचा प्रश्न जास्त खरा आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतात, तुमच्या तासाला ते असतीलच असं नाही. ते येतील तेव्हा त्यांच्याकडून मुलाची कागदपत्रं समजून घ्या आणि तासाचा आराखडा त्यांच्याबरोबर बसून करा. रोजच्या तासाला वर्गातलीच मुलं सोबती म्हणून तयार होतात. एकच ‘चांगली मुलगी’ कायमची नेमू नका, तिचाही खेळाचा तास असतो, आठवड्याला बदला. आणि त्यांना शिकवा: विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही, त्याच्या वतीने बोलायचं नाही, हरला तर मुद्दाम जिंकवायचं नाही.

नोंद साधी ठेवा. ‘सहभाग समाधानकारक’ या शेऱ्यातून काहीच कळत नाही. ‘जुलैत दोन मीटरवरून दहापैकी दोन डबे पाडले, सप्टेंबरात सहा, कोपराला आधार लागतो’ यातून पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही कळतं की सुरुवात कुठून करायची. श्रेणी द्यायची ती यावर, वर्गातल्या सगळ्यात वेगवान मुलाशी तुलना करून नव्हे.

आणि ते ‘खेळातून सूट द्यावी’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र. पालक डॉक्टरांकडे जातात, ‘याला पी.टी. करता येईल का?’ असं विचारतात, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर सावध उत्तर लिहून मोकळे होतात. पुढच्या वेळी शिक्षकांनी पालकांच्या हाती एक कागद द्यावा आणि त्यावर प्रश्न लिहून द्यावेत: मानेवर भार चालेल का? किती वेळ सलग पळू द्यावं? पाण्यात उतरवावं का? उंचीवर चढवावं का? चेंडूचा मार कुठे बसू नये? कोणती लक्षणं दिसली की थांबावं? प्रत्येकापुढे हो, नाही आणि एक ओळ लिहायची जागा. खाली डॉक्टरांची सही आणि तारीख; वर्षातून एकदा, जूनमध्ये, तो कागद नवा करायचा.